ढोरांचा डॉक्टर साथीआधी हवा



या पत्रकात आपण दर वेळी दाव्यांवर लिहितो. कुणाचा दावा उपविभागीय समितीत अडकला, कुणाची मोजणी कमी भरली, कुणाच्या पट्ट्यावर चार एकरांच्या जागी चाळीस गुंठेच लिहिले. या वेळी मात्र बैलावर लिहायचं आहे, आणि बैलाच्या डॉक्टरवर. काही साथी विचारतील, जमिनीचं सोडून हे कुठून काढलं? आमचं म्हणणं असं की हे जमिनीचंच आहे. शेवटपर्यंत वाचा, मग सांगा.

आपला वनपट्टा डोंगराच्या उतारावर. तिथं ट्रॅक्टर चढत नाही. चढला तरी त्याचं भाडं आपल्याला परवडत नाही. मका, ज्वारी, तूर, जे काही पिकतं ते बैलाच्या खांद्यावर पिकतं. ज्याची जोडी मोडली त्याची पेरणी हुकली. जोडी भाड्यानं मिळते, पण कधी? शेजाऱ्याचं पेरून झाल्यावर. तोवर ओल निघून जाते. एक साल रान पडीक राहिलं की दोन गोष्टी होतात. घरचा माणूस गुजरातला मजुरीला नाहीतर ऊसतोडीला निघतो. आणि रान मोकळं दिसलं की वनखात्याची माणसं झाडं लावायला खड्डे खोदायला येतात. ज्यांचे दावे अजून पडून आहेत, त्यांचा ताबा लोकांना दिसतो तो उभ्या पिकातूनच. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन जे रान राखलं, ते एका बैलाच्या तापानं हातातून सुटू शकतं.

म्हणून ढोरांचा डॉक्टर हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे.

चौथ्या दिवशी बैल, अकराव्या दिवशी डॉक्टर

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका पाड्यावर एका काकांच्या बैलाला ताप आला. दुसऱ्या दिवशी अंगभर गाठी उठल्या. पुढचे पाय सुजले, डोळ्यांतून पाणी लागलं, चारा सोडला. काका पहाटे निघून डोंगर उतरून दवाखान्यात गेले. दवाखान्याला कुलूप. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, एकाच डॉक्टरकडे तीन दवाखान्यांचा चार्ज आहे, आज ते दुसरीकडे आहेत. दुकानातून फोन लावला. डॉक्टर चांगले बोलले, येतो म्हणाले. पण त्यांच्या मागे किती गावं लागली होती ते त्यांनाच माहीत. चौथ्या दिवशी बैल मेला. पाड्यानं मिळून खड्डा खणून पुरला. अकराव्या दिवशी डॉक्टर आले, तेव्हा बघायला मातीचा ढिगारा होता.

सरकारनं त्या साथीत मेलेल्या जनावरांना भरपाई जाहीर केली होती. गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. पण भरपाईला पंचनामा लागतो, आणि जनावर लम्पीनंच मेलं हे डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं. डॉक्टरनं बैल पाहिलाच नव्हता, मग लिहिणार काय? काकांना भरपाई मिळाली नाही. त्या साली त्यांचं अर्धं रान पडीक राहिलं.

यात आम्ही त्या डॉक्टरला दोष देत नाही. एक माणूस तीन दवाखाने कसे चालवणार? दोष आहे तो दोन खुर्च्या वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवणाऱ्यांचा. डॉक्टर नाही तर इलाज नाही, एवढंच आपण समजून होतो. त्या साली कळलं की डॉक्टर नाही तर कागदही नाही, आणि कागद नाही तर आपलं नुकसान सरकारच्या लेखी झालंच नाही. वनहक्काच्या दाव्यात आपण हेच भोगलं आहे.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही

खोटं लिहायचं नाही, म्हणून हेही लिहितो. लम्पीच्या साथीत सरकार हललं. सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. गुरांचे बाजार बंद केले, ने-आण थांबवली. शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना फुकट टोचली. राज्यात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे सुमारे १ कोटी ४० लाख गायबैल आहेत. एवढ्यांना टोचायला खात्याची माणसं पुरेनात, तेव्हा खासगी डॉक्टर, पदविकाधारक आणि कॉलेजात शिकणारी मुलं कामाला घेतली. रिकाम्या जागा तात्पुरत्या भरायचं ठरलं. काही महिन्यांत बहुतेक गुरांना लस मिळाली. मनात आणलं तर सरकार हे करू शकतं, एवढं त्यातून दिसलं.

पण माणसं शोधायला सुरुवात कधी झाली? रोग गोठ्यात शिरल्यावर. आणि लम्पी काही आभाळातून एका रात्रीत पडला नाही. भारतात तो २०१९ साली ओडिशात सापडला. २०२० मध्ये आपल्याच गडचिरोलीत दिसला. मधे दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत जागा भरता आल्या असत्या, गावोगावची पोरं शिकवून तयार करता आली असती. गडचिरोलीच्या आदिवासीच्या गोठ्यात रोग असेपर्यंत ती आणीबाणी नव्हती. मोठ्या दूधपट्ट्यात पोचला तेव्हा झाली.

घाईनं घेतलेली माणसं कुठं जातात हेही आपण पाहिलं. टोचणीमागे पैसे मिळणारा माणूस सडकेवरच्या मोठ्या गोठ्यात जाणार. तिथं तासाभरात पन्नास जनावरं होतात. आपल्या पाड्यावर दोन तास चढायचं, आणि वर गेल्यावर ढोरं रानात चरायला गेलेली. संध्याकाळपर्यंत थांबलं तर बारा जनावरं मिळणार. त्याला दोष कसा द्यायचा? हिशेबच असा बांधला आहे की पाडा शेवटी राहील.

आपलंही चुकलं

आणखी एक खरं लिहितो, कारण ते आपणच लिहायला पाहिजे. टोचणीवाले शेवटी वर आले तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी ढोरं नाल्याच्या पलीकडं हाकलून दिली. का? कानात बिल्ला मारतात म्हणून. बिल्ल्यावर बारा आकडे, ते सरकारच्या यंत्रात जातात. आपल्या लोकांनी विचार केला, उद्या वनखातं हेच आकडे काढून म्हणेल, तुमची एवढी ढोरं जंगलात चरतात, बंद करा. जंगलात चराई हा गुन्हा धरून आपल्या गुराख्यांना दंड करणारं खातं आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. भीती बिनबुडाची नव्हती. पण तिचा परिणाम काय झाला? लपवलेली ढोरं बिनटोचलेली राहिली, आणि मेली.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये चराईचा हक्क आपला आहे, हे आपण पाड्यापाड्यावर नीट सांगितलं असतं, आणि बिल्ल्याचा चराईबंदीशी संबंध जोडू देणार नाही असं ग्रामसभेनं आधीच ठरवून लिहून दिलं असतं, तर ढोरं लपवायची वेळ आली नसती. आता तर भीतीनं आणखी नुकसान होईल. बिल्ला नसलेल्या जनावराला भरपाई मिळणार नाही, असे नियम निघाले आहेत. तेव्हा बिल्ला मारून घ्या, आणि चराईहक्काचा दावाही टाका. दोन्ही एकदमच करायचं.

भीती घालवायला काय लागतं? ओळखीचा माणूस लागतो. परका माणूस गाडीतून उतरून आपल्याला न समजणाऱ्या बोलीत बैलाला सुई मारायला निघाला, तर कुणीही मागं सरेल. आपल्याच पाड्यातली पोरगी पिशवी घेऊन आली, भिलीत, पावरीत, मावचीत बोलली, तर आजीबाई स्वतः वासरू धरून उभी राहते.

नवापूरची आठवण

हे फक्त बैलाचं नाही. २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा सापडला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. भोपाळच्या प्रयोगशाळेनं नमुने तपासून सांगितलं. मग जिल्ह्याबाहेरून डॉक्टर आणि कर्मचारी आणले, पांढरे झगे, तोंडाला मास्क, हातात पिशव्या. मोठ्या पोल्ट्र्यांतल्या लाखो कोंबड्या मारल्या. भोवतालच्या तीन किलोमीटरमधल्या गावांतल्या, अंगणात फिरणाऱ्या गावठी कोंबड्याही मारल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला, पुन्हा तेच.

रोग पसरू नये म्हणून पक्षी मारावे लागतात, हे आम्हाला समजतं. हा रोग माणसालाही होऊ शकतो, तेव्हा खेळ करून चालत नाही. पण बायांची कोंबडी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कसं कळणार? हाटाच्या दिवशी मीठ-तेलाला ती कोंबडी असते. पाहुणा आला तर ती असते. देवाला लागते. पोराची फी तीतून निघते. आणि यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अशा साथीत सरकार भरपाई देतं ती त्यानं मारलेल्या पक्ष्यांची. जे पक्षी त्याआधी रोगानं मेले, त्यांची देत नाही. म्हणजे रोग लवकर कळवला, डॉक्टर लवकर आला, तर बाईच्या हातात काहीतरी पडतं. उशीर झाला तर कोंबड्याही जातात आणि पैसाही जातो.

रोग कळवायचा कायदासुद्धा आहे. २००९ सालच्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात लिहिलं आहे की मालकानं रोगाचा संशय येताच गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवावं, त्यांनी जवळच्या पशुवैद्यकाला कळवावं, आणि पशुवैद्यकानं येऊन बघावं. साखळी चांगली बांधली आहे. फक्त शेवटची कडी आपल्याकडे जागेवर नाही. जबाबदारी आपल्यावर टाकली, पण ज्याला कळवायचं त्याची खुर्ची रिकामी.

साथ घड्याळ बघून येत नाही

पहिला पाऊस पडला की घटसर्प येतो. गळा सुजतो, श्वास घरघरतो, आणि जनावर एका-दोन दिवसांत जातं. फऱ्या तसाच, तरण्याताठ्या जनावराला धरतो, मांडी सुजते आणि खेळ संपतो. या दोन्हींची लस आहे, पण ती पावसाआधी टोचायला लागते. पाऊस लागला की आपले ओढे भरतात, रस्ते तुटतात. अक्राणी-अक्कलकुव्यात नर्मदेच्या काठच्या गावांना माणसांसाठीसुद्धा तरंगता दवाखाना करावा लागला, इतका हा मुलूख अडचणीचा. अशा ठिकाणी जिल्ह्याहून पथक निघेपर्यंत घटसर्प आपलं काम करून गेलेला असतो.

१९६२ नंबरला फोन केला की ढोरांच्या डॉक्टरची गाडी येते, अशी योजना आहे. गाडीत डॉक्टर, त्याचा मदतनीस आणि ड्रायव्हर. योजना चांगली आहे, आणि सडकेवरच्या साथींनी ती जरूर वापरावी. पण जनावरांच्या एक लाख संख्येमागे एक गाडी हा तिचा हिशेब. आणि गाडीला रस्ता लागतो, फोनला टॉवर लागतो. ज्या पाड्यावर दोन्ही नाही, तिथं पायानं चालत येणारा माणूसच लागणार.

लस थंड ठेवावी लागते, दोन ते आठ अंशांत. दवाखान्यातला फ्रिज वीज गेली की गरम होतो. मग टोचलं तरी उपयोग नाही, आणि लोक म्हणतात, टोचूनही मेलं, आता टोचायचं नाही. म्हणजे डॉक्टर नेमून भागत नाही, त्याच्या हातात बर्फाची पेटी आणि डोक्यावर राहायला छप्परही लागतं. जो तरुण डॉक्टर आपल्याकडे येतो त्याला राहायला खोली नाही, गाडी नाही, मदतनीस नाही. तो सहा महिन्यांत बदली मागतो. आम्ही त्याच्या जागी असतो तर आम्हीही मागितली असती.

दुसऱ्या देशातल्या आपल्यासारख्यांनी काय केलं

आपल्या म्हाताऱ्यांना बुळकांडी आठवत असेल. एकदा आली की गोठेच्या गोठे रिकामे करायची. तो रोग २०११ साली जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर जगातून पुसलेला हा दुसराच रोग. तो संपला तो काही फक्त मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांमुळं नाही. आफ्रिकेत इथिओपियाच्या अफार भागात गुरं पाळणारे लोक ओसाड, तापलेल्या मुलखात फिरत असतात. सरकारची पथकं तिथं पोचत नव्हती, आणि पोचली तर लोक विश्वास ठेवत नव्हते. १९९० च्या दशकात तिथं वेगळी रीत केली. गुरं पाळणाऱ्यांनी स्वतःतली माणसं निवडून दिली. डॉक्टरांनी त्यांना शिकवलं आणि त्यांच्यावर देखरेख ठेवली. लसही अशी आणली की बर्फाशिवाय काही आठवडे टिकायची. ही माणसं गुरांमागे चालत जाऊन टोचत राहिली, आणि जिथं रोग हटत नव्हता तिथून हटला.

अफारचे लोक आपल्यापेक्षा शिकलेले नव्हते. डॉक्टर नको, आम्हीच सगळं करू, असंही ते म्हणाले नाहीत. डॉक्टरच्या हाताला त्यांनी आपले हात जोडले. आपल्याकडचा कायदाही याला आडवा येत नाही. १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे इलाज नोंदणी झालेल्या डॉक्टरनंच करायचा. पण पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या माणसाला डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा करू देण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं. आपल्याला झोलाछाप डॉक्टर नको आहेत. चुकीचं इंजेक्शन मारून बैल मारणारे आपण पाहिले आहेत. आपल्याला हवा आहे तो नेमलेला डॉक्टर, आणि त्याच्या शब्दावर काम करणारी, शिकलेली, आपल्या गावची माणसं. बडवा-भगतांनाही यात दूर ठेवू नये. कोणत्या पाल्यानं जखमेतले किडे पडतात हे त्यांना ठाऊक आहे, आणि ढोराला काही झालं की पहिली खबर त्यांच्याकडेच जाते. ती खबर पुढं डॉक्टरकडे गेली तर साथ पहिल्याच गोठ्यात अडवता येईल.

भरती कुणाची, आणि कशी

आता मुद्द्यावर येतो. आपल्या तेरा जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रासाठी राज्यपालांनी २०१४ मध्ये अधिसूचना काढली, की गावपातळीवरची १७ प्रकारची पदं स्थानिक आदिवासींमधूनच भरावीत. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, परिचारिका, तसं पशुधनाचं काम बघणारं पदही त्यात आहे. २०२३ मध्ये भरती निघाली, आपल्या पोरापोरींनी परीक्षा दिल्या, पास झाली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे म्हणून नेमणुका थांबल्या. २०२४ मध्ये नाशिकला उपोषण करावं लागलं, मुंबईत मंत्रालयात आदिवासी आमदारांनी जाळीवर उड्या मारल्या, तेव्हा कुठं न्यायालयाच्या निकालाच्या अधीन राहून मानधनावर नेमणुका द्यायचं ठरलं. म्हणजे पास झालेली माणसं घरी बसलेली, दवाखान्याला कुलूप, आणि ढोरं मरतायत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच तालुक्यात.

साथ आली की अकरा महिन्यांच्या करारावर माणसं घ्यायची आणि साथ गेली की सोडायची, याला आम्ही भरती म्हणत नाही. जो माणूस आपल्या नाल्याचं नाव, आपल्या चराईची वाट आणि आपल्या आजीची भीती ओळखतो, तोच साथीत कामाचा. ती ओळख अकरा महिन्यांत होत नाही. आपल्या भागाचे निकषही सरकारनंच वेगळे ठेवले आहेत. बाकी ठिकाणी ५,००० पशुधन घटकांमागे एक दवाखाना, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० मागे एक. निकष कागदावर आहे. आपल्याला कागद नको, कुलूप उघडलेलं हवं.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. अनुसूचित क्षेत्रातल्या पशुधन विकास अधिकारी आणि पशुधन पर्यवेक्षकांच्या रिकाम्या जागा सगळ्यात आधी, आणि कायमच्या भरा. बदलीवर जाणाऱ्याची जागा घेणारा माणूस हजर झाल्याशिवाय त्याला सोडू नका. येणाऱ्याला खोली, गाडी आणि चालणारा फ्रिज द्या.

२. पेसा भरतीत निवडलेल्या पोरापोरींना मानधनावर लोंबकळत ठेवू नका, कायम करा.

३. साथीसाठी कामाला येणाऱ्या डॉक्टरांची यादी आजच करा. निवृत्त डॉक्टर, खासगी डॉक्टर, पदविकाधारक, कॉलेजातली शेवटच्या वर्षाची मुलं. कुणी कोणत्या गावांना जायचं, किती पैसे मिळणार, गाडी कोण देणार, बोली समजावायला बरोबर कोण, हे लिहून ग्रामपंचायतीत लावा. लांबच्या पाड्याला जाणाऱ्याला टोचणीवर नको, दिवसावर पैसे द्या.

४. प्रत्येक ग्रामसभेनं निवडलेल्या दोघांना, त्यातली एक बाई, पशुवैद्यकीय कामाचं रीतसर शिक्षण द्या. गावात पशुसखी असेल तर तिला आधी घ्या. थर्मामीटर, बर्फाची पेटी, नोंदवही आणि महिन्याचं ठरलेलं मानधन द्या. फुकटची सेवा आम्हाला नको. बायांकडून फुकट काम करून घ्यायची खोड सरकारला आधीच लागलेली आहे.

५. घटसर्प-फऱ्याची लस मे महिना संपायच्या आत, पाड्यावर येऊन टोचा. सडकेवर ढोरं आणा असं सांगू नका.

६. रोग कळवल्यावर २४ तासांत डॉक्टर आला नाही, तर ग्रामसभेनं फोटो काढून, पाच माणसांच्या सह्यांनी केलेला पंचनामा भरपाईला धरा.

७. आदिवासी मुलामुलींना पशुवैद्यकाचं शिक्षण सोपं करा. ही पदवी घ्यायला पाच वर्षांहून जास्त लागतात. कॉलेजं परळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला, शिरवळला. तिथं वसतिगृह आणि वेळेवर शिष्यवृत्ती नसेल तर आपलं पोरगं दुसऱ्याच वर्षी घरी येतं.

८. बिल्ल्याची माहिती चराई थांबवायला वापरणार नाही, असं लेखी द्या.

आपण काय करायचं

मागणी करून गप्प बसायची आपली रीत नाही. वनहक्काचे दावे आपण स्वतः नकाशे काढून भरले, तसंच हेही करायचं. येत्या १ मेच्या ग्रामसभेत तीन कामं करा.

पहिलं, पाड्याची ढोरवही घाला. कुणाकडे किती बैल, गायी, शेळ्या, कोंबड्या, कोणत्या जनावराला कोणती लस कधी टोचली. लिहिता येणारी पोरगी प्रत्येक पाड्यात आहे. गेल्या दोन वर्षांत काय मेलं, कशानं मेलं, डॉक्टर आला होता का, हेही लिहा. ही वही उद्या मोर्च्यात आपला पुरावा.

दुसरं, आपली दोन माणसं निवडा. चिठ्ठी टाकून नको, आणि सरपंचाचा भाचा म्हणूनही नको. ज्याला ढोराजवळ बसायला आवडतं, जो रात्री बोलावलं तर उठून येतो, त्यालाच निवडा. ढोरं राखणाऱ्या पोरांना सगळं आधी कळतं, कोणतं जनावर मागं राहतंय, कुणी रवंथ सोडला. त्यांनाही विचारा.

तिसरं, दवाखान्याच्या कुलपाची नोंद ठेवा. ज्या दिवशी गेलात आणि बंद होतं, ती तारीख आणि वेळ लिहा, दोघांच्या सह्या घ्या. डॉक्टर भेटला, चांगलं काम केलं, तर तेही लिहा. आपली वही खरी असली तर तिच्यासमोर कुणाला बोलता येणार नाही.

हे ठराव तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात पोच घेऊन द्या. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका. जूनच्या आत उत्तर आलं नाही तर पावसाआधी आपण सगळे मिळून जाऊ, आणि या वेळी मोर्च्यात बैल पुढं असतील.

पावसाच्या तोंडावर आपण वाघदेवाला पुजतो. म्हणतो, आमची ढोरं राख. आपले म्हातारे हे नुसतं म्हणून थांबत नव्हते, रात्री गोठ्याशी जागतही होते. आता वाघ कमी झाला, रोग वाढला. देवाला जरूर पुजा, आणि दवाखान्याचं कुलूपही उघडून घ्या. ज्या काकांचा बैल गेला त्यांनी यंदा कर्ज काढून नवी जोडी आणली आहे. ती जोडी या पावसाळ्यात मेली, तर तेव्हा दोष फक्त सरकारचा नसेल. माहीत असून गप्प बसलेल्या आपल्या सगळ्यांचा असेल.

जंगल-जमीन आमच्या हक्काची! जोहार, जिंदाबाद!